रोधक प्रथिन म्हणजे केवळ कुलूप नव्हे
लेखात आयकॅपाबी या रोधक प्रथिनाला एनएफ-कॅपाबीला (जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला) पेशीद्रव्यात अडकवून ठेवणारे ‘कुलूप’ म्हटले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. दाहाचा संदेश येताच आयकॅपाबी-अल्फाच्या (आयकॅपाबीच्या एका प्रकाराच्या) 32 व 36 क्रमांकांच्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढते, मग युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘नष्ट करा’ अशी खूण लागून प्रोटिएसोम (पेशीतील प्रथिने तोडणारे यंत्र) त्याचा फडशा पाडतो, आणि मोकळा झालेला एनएफ-कॅपाबी केंद्रकात शिरून जी जनुके चालू करतो त्यांत (गंमत म्हणजे) आयकॅपाबी-अल्फाचेही जनुक असते. हे नव्याने तयार झालेले प्रथिन केंद्रकात जाऊन एनएफ-कॅपाबीला डीएनएवरून सोडवते आणि बाहेर आणते. कुलूप असे कोणाला हाताला धरून परत आणत नाही. संदेश टिकून राहिला तर ही ये-जा पुन्हा पुन्हा घडते. लेखातील आकृतीत नेमका हा परतीचा बाणच राहून गेला आहे.