फुकटच्या व्हिडिओंनी फोटो सुधारतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

यूट्यूबवरच्या फुकट व्हिडिओंमधून फोटोग्राफी शिकता येते, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि चांगलीच तिखट आहे, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून सुटका करून घेता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओ बघून कुणी फोटोग्राफर होत नाही, निम्मे व्हिडिओ प्रीसेट (एका क्लिकमध्ये फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग्ज) खपवायला काढलेले असतात, शिकवणारे परदेशी असल्यामुळे इथे ते लागू पडत नाही, आणि मी मुलांना क्लास सोडून यूट्यूबच्या नादी लावतोय.

प्रीसेटच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाहीच. 'परफेक्ट स्किन टोन' नावाखाली बऱ्याचदा एवढंच असतं की लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वर ढकलायचा आणि माणूस गोरा करायचा. सावळ्या चेहऱ्यावर हा प्रयोग केला की गालाखालची सावली जाते, कपाळावरची चमक आणि त्वचा एकाच पातळीवर येतात, आणि नवरी पिठात तोंड बुडवून आल्यासारखी दिसते. असले व्हिडिओ बघूच नयेत.

पण परदेशी म्हणून सरसकट बाद? इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध उभा आहे. गंमत अशी की जो धडा सगळीकडे चालेल असं वाटतं तो चालत नाही, आणि जो आपला नाहीच असं वाटतं तो नेमका उपयोगी पडतो. 'गोल्डन अवर'चंच, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपासच्या सोनेरी उजेडाचंच बघा. इंग्लंडमधला माणूस सांगतो, घाई करू नका, ट्रायपॉड लावा, भरपूर वेळ आहे. त्याच्याकडे असतोही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असताना, सूर्याला क्षितिजापर्यंतचे शेवटचे ६ अंश उतरायला लंडनमध्ये साधारण ३८ मिनिटं लागतात, पुण्यात २५. आपल्याकडे तो जास्त सरळ खाली जातो. म्हणजे सिंहगडावर जागा आधी हेरून ठेवायला हवी.

उलट 'बर्फात फोटो कसे काढावेत' हा व्हिडिओ आपण बघणारच नाही. तो बघा आणि वारीला जा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचा उजेड मधल्या करड्याकडे ओढायला बघतं. बर्फ काय आणि वारकऱ्यांचे पांढरे सदरे-टोप्या काय, त्याला सारखंच. चौकट पांढऱ्याने भरली की फोटो काळवंडतो, टोपीखालचे चेहरे तर पार बुडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ च्या आसपास नेऊन हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड तपासायची, इतकंच करायचं असतं. हे शिकवणाऱ्याने पंढरपूर पाहिलेलं नसलं तरी चालतं.

सगळी मेख शोधण्यात आहे. 'फोटोग्राफी ट्यूटोरियल' असं टाकलं की कचराच वर येतो. आपल्या फोटोत काय बिघडलंय ते टाकायचं: पांढरे कपडे करडे येतात, पावसाळी डोंगर दुधाळ दिसतो, रात्रीच्या मिरवणुकीत चेहरे हलतात. आणि एडिटिंगच्या व्हिडिओची तारीख बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. लाइटरूमचं मास्किंग, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून सुधारण्याची सोय, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बदललं. डार्कटेबल या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०१९ च्या अखेरीस ३.० आवृत्तीबरोबर फिल्मिक आरजीबी हे उजेड-सावली सांभाळणारं साधन आलं आणि कामाची पद्धतच पालटत गेली. त्याआधीचा व्हिडिओ लावून बसलेला मुलगा जी बटणं शोधतो ती कित्येकदा जागेवर नसतात, आणि मग 'मला हे जमत नाही' म्हणून उठतो. प्रकाश आणि लेन्स मात्र जुन्या होत नाहीत. मार्क लेव्हॉय यांची २०१६ ची डिजिटल फोटोग्राफीवरची १८ व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकी केलेला माणूस आहे, प्रीसेट विकत नाही. थोडं गणित येतं, पण ते टाळूनही बरंच हाती लागतं.

क्लास सोडा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. चांगला शिक्षक तुमच्या फोटोवर बोट ठेवून 'हे का घेतलंस?' विचारतो, ते व्हिडिओला कधीच जमणार नाही. पण तालुक्याच्या गावी असा शिक्षक कुठून आणायचा, हेही तुम्हीच सांगा.

शेवटी तुमच्या पुतणीचा प्रश्न: तिने सुरुवात कशी करावी? तिने जुना कॅमेरा घेतलाय आणि लॅपटॉप आहे, म्हणजे पुरेसं आहे. डार्कटेबल फुकट आहे, विंडोजवर चालतं. pixls.us या संकेतस्थळावर 'प्ले रॉ' नावाचा प्रकार आहे: कुणीतरी आपली रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेला, प्रक्रिया न झालेला फोटो) टाकतं आणि बाकीचे ती आपापल्या परीने एडिट करून दाखवतात. अनेक जण सोबत एक्सएमपी फाइलही देतात, तिच्यात एडिटिंगची नोंद असते. ती डार्कटेबलमध्ये उघडली की कोणतं मॉड्यूल (एडिटिंगचं साधन) कितपत वापरलंय ते दिसतं. तिला एक फाइल उतरवून आधी स्वतः एडिट करू द्या, दुसऱ्यांचं न बघता. मग बाकीच्यांची उत्तरं उघडून बघू दे. एकाच फाइलची इतकी वेगवेगळी रूपं पाहिल्यावर ती जे प्रश्न विचारेल, ते घेऊन तुमच्याकडेच येईल. तेव्हा तुमचा डार्करूममध्ये फिल्म धुण्याचा अनुभव तिला नक्की सांगा.