शपथ नको, वही द्या

तरुणांच्या सदाचारावरचा एक लेख वाचला. तरुण भाविकांकडून शुद्ध आचरणाची शपथ घ्यावी, हा त्यातला उपाय. हेतू मान्य, पण ‘यापुढे कधीच नाही’ हे पहिल्याच चुकीला मोडतं आणि मग मुलगा लाजेपायी प्रार्थनेलाच यायचा थांबतो. खरं नुकसान तिथे होतं.

त्यापेक्षा जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची रीत बघा. धर्म कोणताही असो, चालते. एका वेळी एकच दोष धरायचा, समजा खोटं बोलणं. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाने मागे जात कितीदा घसरलो ते मोजायचं आणि वहीत त्या दिवसाच्या दोन ओळींवर (एक दुपारची, एक रात्रीची) तितके ठिपके द्यायचे. चूक होताच छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत कुणाला कळतही नाही. मग आजची तुलना कालशी, या आठवड्याची मागच्याशी.

फसतं कुठे? एकदम पाच दोष धरले की आठवडाभरात वही कोपऱ्यात. शून्य ठिपक्यांचा हट्ट धरला की वहीतच खोटं लिहिलं जातं (आणि दोष तर तोच होता!). ठिपके कुठे दाटतात ते पाहावं. रात्री फोन हातात असताना दाटत असतील तर चार्जर खोलीबाहेर लावा, निर्धारापेक्षा ते खात्रीचं. वडीलधाऱ्यांनी वही तपासू नये, नुसतं ‘कसं चाललंय?’ विचारावं.

आणि सदाचार म्हणजे फक्त स्त्रियांपासून नजर वळवणं नव्हे. उसने पैसे वेळेवर परत करणं, घरात बहिणीशी कोणत्या भाषेत बोलतो, हेही त्याच वहीत यायला हवं.