अडीच ते साडेसात

इटलीतल्या डोंगरगावात दुपारी अडीच ते साडेसात माणसाला भूक लागत नाही. निदान लागू नये, अशी तिथली अपेक्षा असते. आमच्या ह्यांना ती नेमकी दोन पस्तीसला लागली.

रोमच्या पूर्वेला आब्रुत्सोचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1923 सालचं. त्यात बारेआ तलावाच्या काठाला विल्लेत्ता बारेआ आणि थोडं वर चढून गेलं की चिवितेल्ला आल्फेदेना. दगडी घरं, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, वस्ती तीनशेच्या आसपास. लेकीने "आई, अगदी शांत जागा आहे" म्हणून बुकिंग करून दिलं होतं. शांत तर होतीच. बस आम्हाला खालच्या गावात उतरवून गेली, त्यानंतर रस्त्यात जो काही आवाज होता तो ह्यांच्या पोटाचा.

खानावळीचा मालक दाराला कुलूप घालत होता. ह्यांनी हाताने घास तोंडात घालून दाखवला. त्याने प्रेमाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मनगटावरच्या घड्याळात साडेसातावर बोट टेकवलं आणि घरी झोपायला गेला. वाण्याच्या दुकानावर पाटी : पाच वाजता. बसची तिकिटं, कॉफी आणि तंबाखू एकाच गल्ल्यावर विकणारं दुकानही बंद. मात्र त्याच्या भिंतीत सिगारेटचं यंत्र होतं, ते चालू.

"म्हणजे विडी चोवीस तास, आणि पावाचा तुकडा नाही!" हे कडाडले. जन्मात सिगारेट न ओढलेला माणूस त्या यंत्रासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला.

बॅगा ओढत चढ चढलो. पहिल्याच वळणावर एक हरीण जेवत होतं. लाल हरीण, आपल्या सांबराच्या भाऊबंदांतलं, अंगाने थोराड. कुणाच्या तरी खिडकीतल्या कुंडीतला जिरेनियम खालून वर पद्धतशीर संपवणं चाललं होतं : आधी पानं, मग फुलं, शेवटी देठ. आम्हाला पाहून त्याने चावणं थांबवलं नाही, फक्त एक कान वळवला. इथली हरणं पूर्वी नामशेष झाली होती. 1970च्या दशकात बाहेरून आणून सोडली. आता ती रस्त्याने बिनधास्त हिंडतात.

"बाहेरून आलेल्यांची सोय होते तर इथे," हे म्हणाले.

खोलीवर घरमालकीणबाईंनी उद्यानाचं माहितीपत्रक दिलं. त्यात अस्वल होतं. मार्सिकन जातीचं तपकिरी अस्वल, जगात उरलेली जेमतेम पन्नास-साठ, तीही याच भागात. मी लेकीला फोन लावला तर तिने आणखी भर घातली : 2021 मध्ये इथलंच एक तरुण अस्वल, हुआन कारितो नावाचं, जवळच्या रोक्कारासोत एका बेकरीत घुसलं आणि ताजी बिस्किटं खाऊन गेलं. पुढे 2023 मध्ये बिचारं गाडीखाली सापडलं. ती सांगत होती हळहळून. ह्यांनी मात्र मध्येच विचारलं, "बेकरीत घुसलं तेव्हा वाजले किती होते?"

पाचला वाणी उघडला. ह्यांनी पाव घेतला, पेकोरिनो चीजचा हा एवढा तुकडा घेतला, ऑलिव्ह, टोमॅटो, जर्दाळूचा जॅम. सहापर्यंत आमचं दोघांचं पोट तट्ट झालं. मी म्हटलं, आता झोपा. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. खानावळवाल्याचा निरोप होता, भुकेल्या भारतीय साहेबांसाठी खास टेबल राखलंय.

गावात शब्द मोडता येत नाही. गेलो. आधी चीज आलं. मग पास्ता. मग कोवळ्या मेंढीच्या मटणाचे इवले तुकडे बारीक काड्यांना टोचून भाजलेले, त्यांना अर्रोस्तिचीनी म्हणतात आणि ते डझनाच्या हिशेबाने येतात. चौथ्या काडीला हे थांबले. मालकाचा चेहरा पडला. त्याने हिरव्या रंगाची बाटली आणली. शंभर वनस्पतींचा अर्क, पचनाला उत्तम, चेंतेर्बे.

"काढाच की!" म्हणत ह्यांनी घशाखाली ओतला. हा काढा सत्तर टक्के मद्याचा असतो. ह्यांचे आधी कान लाल झाले, मग नाक. पाणी प्यायल्यावर हे अतिशय मृदू आवाजात मला म्हणाले, "त्याला सांग, उद्या दुपारी बरोब्बर एकला येतो. टेबल ठेव म्हणावं."

मी खुणांनी सांगितलं. मालकाने ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. उद्या मंगळवार. साप्ताहिक सुट्टी.