यादी चांगली, पण गोव्याकडे पाठ

ख्रिस्ती धर्मचिंतन आणि सामाजिक प्रश्न यांवर काय वाचावं, याची यादी देणारा एक लेख वाचला. त्यात जे सुचवलंय, ते जवळपास सगळं अमेरिकेतलं. वाईट नाही ते, पण तिथले वाद इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत हो.

आमच्याकडचा खरा प्रश्न जात. गोव्यातल्या कॅथलिक समाजात बामण, चार्डो, सुदीर हे जातिभेद धर्मांतरानंतर चारशे वर्षं उलटली तरी लग्न ठरवताना आठवतातच. काही गावांत चर्चच्या कोंफ्रारीत (भाविकांच्या मंडळात) कोणाला प्रवेश, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान कोणाचा, यावरूनही भांडणं झाली आहेत. ‘ख्रिस्तात सगळे एक’ हे बायबलमधल्या संत पौलाचं म्हणणं वेदीवरून वाचलं जातं, आणि बाहेर आल्यावर? देशपातळीवर पाहा: १९५०च्या राष्ट्रपती आदेशातल्या अनुसूचित जातींच्या सवलती १९५६मध्ये शिखांना, १९९०मध्ये बौद्धांना मिळाल्या, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. यावर लिहिणारा एकही लेखक यादीत नसावा, हे खटकलं.

पर्यावरणावर पोप फ्रान्सिस यांचं २०१५चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक मात्र जरूर वाचा. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

आणि मराठीत काहीच नाही असं त्या लेखाचे लेखक म्हणतात, ते पटलं नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तकथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, तेही ओव्यांत. अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२पासून निघू लागलं. जुन्या अंकांत सामाजिक वाद भरपूर सापडतील.