रुळांवर मीठ-व्हिनेगर? गवत परत येईल, मीठ मात्र राहील

‘खडीतलं गवत मारायला ग्लायफोसेटसारखं रासायनिक तणनाशक कशाला? ५ लिटर व्हिनेगर, १ किलो मीठ, थोडा भांड्यांचा साबण. २४ तासांत गवत मुळासकट साफ, तेही नैसर्गिक.’ अंगणासाठी सांगितला जाणारा हा उपाय रेल्वेनेही करावा, असा सल्ला जोरात फिरतोय. विषाची काळजी रास्त आहे, उपाय चुकीचा आहे.

मुळासकट? नाही. घरच्या व्हिनेगरमध्ये ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. ते पडेल तेवढं पान भाजतं, झाडात खाली उतरत नाही. कोवळं गाजरगवत मरेल. हराळीच्या जमिनीतल्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी जिवंत राहतात आणि काही आठवड्यांत पुन्हा फुटतात. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत जातं, म्हणूनच परिणाम दिसायला आठवडा-दहा दिवस लागतात.

‘मीठ काय, घरातलंच!’ खरा धोका इथेच आहे. ५ मीटर रुंदीचा पट्टा धरला तर किलोमीटरला अर्धा हेक्टर होतो. हेक्टरी ५०० लिटर फवारा म्हणजे २५० लिटर द्रावण, आणि त्यात ५० किलो मीठ. तेही एका फवारणीत! मिठाने रुळाचा तळ गंजतो, रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप तिच्या खोबणीत (इन्सर्टमध्ये) जाम होते आणि हातोड्यानेही निघेना अशी बसते. किनारपट्टीवर क्लिपांना ग्राफाइट ग्रीस लावतात ते याच भीतीने. दुसरं ट्रॅक सर्किटचं, म्हणजे रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या यंत्रणेचं. दोन्ही रुळांत कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडीच्या चाकांनी ती जोडली गेली की रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल होतो. त्यासाठी दोन रुळांमधला बॅलास्ट रेझिस्टन्स (खडीतून वीज गळू न देणारा रोध) स्टेशन हद्दीत किमान २ ओहम-किलोमीटर, ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या मार्गावर, ४ लागतो. खारट ओल्या खडीतून वीज गळते, आणि रुळावर गाडी नसतानाही सिग्नल लाल होऊ शकतो.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’? मीठ कुजत नाही. पावसात ते नाल्यात, शेजारच्या शेतात, विहिरीत उतरतं. तीव्र परिणामासाठी २० टक्क्यांचं ॲसिड घेतलं, तर फवारणाऱ्याचे डोळेच जाऊ शकतात.

ग्लायफोसेट निरुपद्रवी आहे, असं मात्र कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. भारतात २०२२ च्या अधिसूचनेने ते फक्त परवानाधारक कीटकनियंत्रकांनीच वापरायचं ठरवलं. फ्रान्सच्या रेल्वेने ते सोडून पेलार्गोनिक ॲसिडवर आधारित मिश्रण घेतलं. हे ॲसिडही पानंच जाळतं.

ग्लायफोसेट फवारायचंच असेल तर गवत आधी कापू नका, औषध घ्यायला पानं हवीत. गढूळ पाणी नको, मातीचे कण ग्लायफोसेट धरून ठेवतात. नंतर सहा तास पाऊस नको. मुळात खडीत गवत उगवतं ते तिच्यात माती भरल्यामुळे. तिथे खडी चाळणं हाच टिकाऊ उपाय. पूल, मोरी, विहीर जवळ असेल तिथे विळाच हाती घ्यावा.