दोन स्टारच्या अभिप्रायाला देणगीवर चालणाऱ्या दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी अशा: अडीच तास बसावं लागलं, मागून आलेले आधी आत गेले, बीपी दोनदा मोजूनही गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळाल्या, घरून आणलेली औषधांची पिशवी आम्ही घेतली नाही आणि प्रार्थनागृह शेजारीच असल्याने ‘इथे धर्म आधी, औषध नंतर’ असं वाटलं. तुमच्या तब्येतीविषयी इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. बाकीचं मोकळेपणाने सांगतो.

टोकन आल्याच्या क्रमाने मिळतं, पण आत कुणाला सोडायचं हे नर्स ठरवते. छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, हात अचानक लुळा पडलाय, तान्ह्या बाळाला ताप आहे, असं काही दिसलं की टोकनचा नंबर बघितला जात नाही. आमच्याकडे एक्सरे नाही, भरतीची सोय नाही. त्यामुळे अशा रुग्णाला तपासून, चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवतो. कोणतं औषध किती वाजता दिलं, ॲलर्जी कशाची, आधीच्या गोळ्या कोणत्या, हे सगळं त्या चिठ्ठीत लागतं आणि तेवढा वेळ बाहेरची रांग थांबते. डॉक्टर आपापली कामं उरकून सेवेला येतात, म्हणून नोंदणीची खिडकीही लवकर बंद होते.

बीपी दोनदा मोजलं ते मशीन बिघडलं म्हणून नव्हे. आल्या आल्या मोजलेला आकडा आम्ही धरतच नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि बोलायचं नाही. पट्टा दंडाला तोकडा पडला, लघवी तुंबलेली असली किंवा नुकताच चहा वा सिगारेट झालेली असली, तर आकडा चढलेला दिसतो. म्हणून मिनिटभराच्या अंतराने पुन्हा मोजून सरासरी काढतो. १४० / ९० च्या थोडं वर गेलं म्हणून त्याच दिवशी सहसा गोळी सुरू होत नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा बघावं लागतं. १८० / ११० च्या घरात असेल तर गोष्ट वेगळी.

गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या की लोकांना कंजुषी वाटते. नवीन औषध सुरू केलं किंवा डोस बदलला की तेवढ्याच देतो. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, ते घाबरून परस्पर गोळी बंद करतात आणि बीपी पुन्हा चढतं. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्याच गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम बघणं गरजेचं असतं. एकदम तीन महिन्यांचा साठा दिला तर माणूस तीन महिन्यांनीच तोंड दाखवतो! आकडे स्थिरावले की मुदत आम्हीच वाढवतो.

पिशवीबद्दल. रुग्णाला एकदा दिलेली आणि परत आलेली औषधं दान म्हणून घेऊ नयेत, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमधला १९९६ पासूनचा नियम आहे. कारण साधं आहे. पाकीट कापलेलं असलं तर बॅच नंबर आणि मुदत बहुतेकदा कापून गेलेल्या तुकड्यावरच असते. औषध घरात कुठे ठेवलं होतं तेही कळत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की ते वाया गेलं, मग पुन्हा वितळल्यावर कितीही चांगलं दिसो. द्यायचंच असेल तर आधी विचारा. आमच्या ग्लुकोमीटरला (साखर मोजायच्या मशीनला) चालणाऱ्या पट्ट्यांचा सीलबंद डबा मिळाला तर फार उपयोग होतो. दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या आमच्या मशीनमध्ये चालतच नाहीत.

आता धर्म. भाडं, वीज, औषधं हे सगळं श्रद्धाळूंच्या देणगीतून चालतं, ते लपवण्यासारखं नाही. पण केसपेपरवर धर्माचा रकाना नाही. प्रार्थना नोंदणीच्या आधी आटोपते आणि रांगेत कुणाला पत्रकं वाटायची नाहीत, असा स्वयंसेवकांना नियम आहे. अशा दवाखान्याची खरी अडचण वेगळीच असते: खिडकीवर बसलेला स्वयंसेवक तुमचा शेजारी निघतो. म्हणून आम्ही नाव न पुकारता टोकनचा नंबर पुकारतो, रिपोर्ट बंद खोलीतच सांगतो आणि केसपेपर कुलपात ठेवतो. श्रद्धेच्या ठिकाणी दवाखाना असण्याचा एक फायदाही आहे. उपासाबद्दल इथे लोक खरं सांगतात. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने पोटात काही नसताना नेहमीची गोळी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. आधी कळलं तर डोस आणि वेळ बदलता येते. घाम, थरथर सुरू झाली किंवा मशीनवर साखर ७० च्या खाली आली तर उपास तिथेच सोडायचा, हे आमचे डॉक्टर स्पष्ट सांगतात.

पुढच्या वेळी गोळ्या संपायच्या दोन-तीन दिवस आधी या. सुरू असलेली सगळी पाकिटं आणि जुने रिपोर्ट बरोबर आणा. बीपीची गोळी त्या दिवशीही नेहमीच्या वेळी घ्या, तपासणी आहे म्हणून चुकवू नका. उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर आठ तास पाण्याशिवाय काही नको, आणि मधुमेहाची गोळी मात्र रक्त दिल्यानंतर, खाताना घ्या. उपाशी आलात हे खिडकीवर आधी सांगा, म्हणजे रक्त लगेच घेता येईल.

– दवाखाना व्यवस्थापन