सावकाश पळायला शिकवणारं घड्याळ

जीपीएस घड्याळ हातात आलं की बहुतेक नवे रनर्स रोज कालच्यापेक्षा वेगात पळू लागतात. मनगटावर पेस (एक किलोमीटरला लागणारी मिनिटं) दिसत असतो, तो कालच्यापेक्षा सावकाश दिसला की चुटपुट लागते, मग शेवटचा किलोमीटर जीव तोडून काढायचा. काही आठवड्यांत नडगी दुखायला लागते, नाहीतर गुडघा. ही गोष्ट मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिली आहे की आता कुणी नवं घड्याळ दाखवलं की मी आधी हेच सांगते: याचा सगळ्यात मोठा उपयोग स्वतःला आवरण्यासाठी आहे.

हे अनेकांना पटत नाही. हळू पळायला घड्याळ कशाला? कारण उत्साहात आपण हळू पळतोय की नाही हे आपल्याला कळत नाही, विशेषतः सोबत कुणी असेल तर. स्टीफन सायलर या अभ्यासकाने जागतिक दर्जाच्या एंड्युरन्स (लांब पल्ल्याच्या, दमाच्या) खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचा साधारण ८० टक्के सराव सोप्या तीव्रतेचा निघाला. आपण मात्र ना धड सोपं ना धड कठीण अशा मधल्याच तीव्रतेत रोज पळत राहतो. इझी रनमध्ये, म्हणजे सावकाश, आरामात पळताना, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरण्याची ताकद वाढते. आणि मुख्य म्हणजे स्नायुबंध आणि हाडांना सवय व्हायला वेळ मिळतो. दम लवकर सुधारतो, हाडं मागे राहतात. बऱ्याच दुखापती या मधल्या काळात होतात.

म्हणून माझं ठाम मत: इझी रनच्या दिवशी स्क्रीनवरून पेस काढून टाका. हार्ट रेट आणि एकूण वेळ, एवढंच ठेवा. वरच्या मर्यादेचा अलर्ट लावा आणि तो वाजला की खरंच हळू व्हा, चढ असेल तर चाला. चालण्यात कसलाही कमीपणा नाही.

पण त्यासाठी झोन (हार्ट रेटवरून ठरणारे तीव्रतेचे टप्पे) बरोबर हवेत, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. बऱ्याच घड्याळांत कमाल हार्ट रेट २२० वजा वय या हिशेबाने आधीच भरलेला असतो. ती सरासरी आहे. प्रत्यक्षात माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. चाळिशीच्या व्यक्तीला घड्याळ १८० सांगेल, तिचा खरा आकडा १९२ असू शकतो किंवा १६८. मग ‘झोन टू’ म्हणून, म्हणजे सोपं म्हणून, जे पळणं चाललंय ते एकीसाठी फारच हळू आणि दुसरीसाठी चक्क टेम्पो रन, म्हणजे दमवणारं वेगवान पळणं. काही महिने नियमित पळून झालं असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर एक चाचणी करा. नीट वॉर्मअप करून ३० मिनिटं सपाट रस्त्यावर, टिकवता येईल त्या सर्वाधिक वेगाने एकटीने किंवा एकट्याने पळा. शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या पुढे दम झपाट्याने संपतो ती मर्यादा, ढोबळमानाने. तो घड्याळाच्या ॲपमध्ये भरा आणि झोन त्यावरून लावून घ्या. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा बीटा ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारासाठीच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी हे परस्पर करू नये, आधी डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनी ठोके कमी राहतात, त्यामुळे झोनचे नेहमीचे हिशेब लागूच होत नाहीत.

आता सेन्सर. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश रक्तप्रवाहातला चढउतार टिपतो. पट्टा सैल असेल तर तो कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. आरामात पळताना अचानक १७० दिसायला लागले आणि तुमचा कॅडेन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) १७० असेल, तर घाबरू नका, थांबून पट्टा आवळा. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बसायला हवं. थंडीत त्वचेखालचा रक्तप्रवाह कमी होतो, तेव्हाही गडबड होते. इंटरव्हलच्या (थोडं जोरात, थोडं सावकाश अशा) सरावात तर मनगटावरचा आकडा मागेच रेंगाळतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत मोजतो, त्याला आजही तोड नाही.

जीपीएसबद्दलही थोडं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, आणि त्यांचे संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून घड्याळ आपली जागा काढतं. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम खोट ठेवत असे, ती मे २००० मध्ये काढली गेली. त्यानंतरच मनगटावरचं जीपीएस रनिंगसाठी कामाचं ठरलं. पण उंच इमारतींवरून आपटून आलेला संदेश आजही फसवतो, म्हणून त्या क्षणाचा पेस सतत उड्या मारतो. त्याऐवजी लॅप पेस, म्हणजे चालू लॅपची (उदाहरणार्थ एका किलोमीटरच्या टप्प्याची) सरासरी, लावा.

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉननंतर ‘मार्ग जास्त लांब होता, माझ्या घड्याळात साडेबेचाळीस किलोमीटर आले’ ही तक्रार हमखास ऐकू येते. प्रमाणित मार्ग कॅलिब्रेट केलेल्या सायकलने, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दी टाळत नागमोडी पळतो, शिवाय घड्याळाची स्वतःची चूक असतेच. त्यामुळे टार्गेट टायमिंग असेल तर ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप लॅप मोजणं) बंद करून किलोमीटरच्या पाट्यांवर हाताने लॅप दाबा.

घड्याळातला व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) आकडा हा अंदाज आहे. खरा आकडा प्रयोगशाळेत मास्क लावून, श्वासातले वायू मोजून मिळतो. उकाड्यात त्याच पेसला हार्ट रेट चढतो आणि घड्याळ लगेच ‘अनप्रॉडक्टिव्ह’ म्हणून मोकळं होतं. चांगली मेहनत करणारी माणसं त्या एका शब्दाने खचलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ती सूचना बंद करा. त्यापेक्षा त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, त्याच हार्ट रेटला तीन-चार महिन्यांपूर्वी पेस काय होता ते बघा. मिनिटाला १४० ठोक्यांवर पूर्वी आठचा पेस होता आणि आता साडेसातचा आहे, यासारखा आनंद नाही!

एकट्याने पळणाऱ्यांनी, विशेषतः मैत्रिणींनो, ॲपवर तुमचा मार्ग इतरांना दिसत असेल तर त्यातली घराजवळची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय असते, ती आजच चालू करा.

आणि ‘कोणतं घेऊ?’ याचं उत्तर: रोजचा रस्ता उंच इमारतींमधून किंवा दाट झाडीतून जात असेल तर ड्युअल फ्रिक्वेन्सीवालं, म्हणजे उपग्रहांचे संदेश दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारं. मोकळ्या रस्त्याला साधं मॉडेल पुरतं, वाचलेल्या पैशांत छातीचा पट्टा घ्या.